उरलेली डिस्क

दुसऱ्या प्रतीचं मोल मला पहिल्यांदा कार्बन कागदाने शिकवलं. वडील विकास सोसायटीचे गटसचिव. पावतीपुस्तकात निळा कार्बन सरकवून ते बॉलपेन इतकं दाबून लिहायचे की खालच्या पुठ्ठ्यावरही आकडे उमटत. मूळ पावती सभासदाला, स्थळप्रत दप्तरात. कुणाची पावती वाळवीने खाल्ली की तो माणूस सरळ आमच्या ओट्यावर येऊन बसे. वडील स्थळप्रत काढत, पण तिला कुणाला हात लावू देत नसत. “आता ही एकच राहिली,” म्हणत.

पुढे श्रीरामपूरला शिकताना फ्लॉपी आल्या. एकीवर बुरशी धरली तरी दुसरी असावी म्हणून सगळं दोनदा उतरवून ठेवायची सवय लागली.

आता बेलापुरातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर माझ्याकडे असतो. त्यात दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्त डिस्कांचे गट बांधण्यावर निबंध लिहिला. त्यात ही जोडीची पद्धत पहिल्या पायरीवर आहे, आणि सगळ्यांत महागही तिलाच म्हटलंय, कारण प्रत्येक डिस्कमागे आणखी एक डिस्क. भाजीवाल्या बायकांची रोजची पिग्मी जिथे जमा होते तिथे हा खर्च झालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

यंदा एक डिस्क गेली. काउंटरवर कुणाला पत्ताही लागला नाही. स्क्रीनवर एरवी ‘यूयू’ दिसतं, तिथे एका ‘यू’च्या जागी नुसती आडवी रेघ आली.

अशा वेळी सगळ्यांचं लक्ष मेलेल्या डिस्ककडे जातं. माझा जीव अडकतो तो उरलेलीत. नवी डिस्क भरायची तर हिला पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाचावं लागतं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या जागासुद्धा. सगळ्यांत मोठं काम तिच्यावर पडतं ते ती एकटी असताना. म्हणून आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला. मग लेबलवरचा सिरीयल नंबर दोनदा जुळवला, कारण चुकून चांगली डिस्क उपसली तर सगळंच संपलं. काउंटर बंद झाल्यावर नवी बसवली. एक टेराबाइट भरायला, सेकंदाला शंभर मेगाबाइटचा वेग मिळाला तरी, पावणेतीन तास लागतात. शेवटी नव्या डिस्कवरूनही मशीन सुरू होईल अशी सोय केली. ती बरेच जण विसरतात.

बाहेरची प्रत मात्र रोज हवीच. बेलापूरवरून प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथे शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचे पाठ नकलांमध्ये बिघडत गेले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी वेगवेगळ्या प्रती ताडून ते शुद्ध केले. प्रती वेगळ्या होत्या म्हणूनच चूक सापडली. जोडीतल्या डिस्कांचं तसं नसतं. क्लार्कने चुकीचं खातं पुसलं, तर ते त्याच क्षणी दोन्हीकडून जातं.

संचालक विचारतात, “उरलेली चालतेय ना, मग तीही बदलायची कशाला?” मी दोन्ही लेबलं शेजारीशेजारी ठेवतो. एकाच महिन्यातली बनावट, एकाच दिवशी बसवलेल्या, तेवढेच उन्हाळे काढलेल्या. दुसऱ्या डिस्कचा खर्च पुढच्या सभेत मंजुरीला आहे.