जळकोटची जीप

महाराष्ट्रात जळकोट नावाची गावे दोन. एक तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाजवळ, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर. आणि दुसरे लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या पुढे, बालाघाटाच्या खडकाळ माळावर. पहिले वाटेवरच असल्यामुळे तिथे माणूस आपोआप पोचतो. दुसऱ्याला मुद्दाम जावे लागते. माझे आजोळ अर्थातच दुसरे!

या आजोळाहून गेल्या मार्गशीर्षात मामींचा फोन आला. मामांना जाऊन दोन वर्षे झाली. मामी म्हणाल्या, "बाळा, मामाची जीप इकायची म्हणतोय दादा. पुण्याचं गिऱ्हाईक आलंय. तू शिकलेला हाईस, एकदा येऊन बघून जा."

ही वार्ता मी घरात सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना हसू आवरेना. "अहो, मराठीच्या प्राध्यापकाने जीप बघून काय सांगायचे? फार तर तिचे लिंग सांगाल!" मी म्हटले, "स्त्रीलिंग. आणि म्हणूनच तिच्या वयाची चौकशी जपून करायला हवी."

पण गिऱ्हाईक बिलंदर होते. जुन्या गाड्या जमवण्याचा त्या गृहस्थांना नाद, आणि त्यांचा प्रश्न एकच : "इंजिन मूळचेच आहे ना?" मूळचे असेल तर एक किंमत, नसेल तर तिच्या निम्मी. दादाची मुलगी बारावीला लातुरात शिकते. तिथल्या शिकवण्यांची फी ज्यांनी भरली आहे त्यांना त्या उरलेल्या निम्म्याचे मोल वेगळे सांगायला नको. तेव्हा चार दिवस ग्रंथालयात बसून मी या मोटारीची कुळकथा धुंडाळली, आणि ती टिपणे चाळतच लातूर रोडवरून उदगीरकडे निघालेल्या आगगाडीत बसलो.

कथा सुरू होते ती सायकलींच्या दुकानात. जॉन नॉर्थ विलीस हा अमेरिकेतला सायकलविक्या. तो पुढे मोटारी विकू लागला. १९०७ साली ओव्हरलँड नावाच्या कंपनीकडे त्याने मोटारींची मागणी नोंदवली, पण मोटारी येईनात. चौकशीला गेला तो कारखानाच बुडायला आलेला! या पठ्ठ्याने परत फिरण्याऐवजी पैसे उभे केले, कारखाना सावरला, आणि पुढे तो ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरी नेला. १९१२ मध्ये त्याचे नाव झाले विलीस-ओव्हरलँड. त्या दशकात मोटारींच्या खपात फोर्डच्या खालोखाल हीच कंपनी होती. तिच्या एका मोटारीत तर नेहमीच्या झडपांऐवजी सरकत्या नळकांड्यांचे 'नाइट' इंजिन असे. चालायचे अगदी मऊ. फक्त तेल पिऊन धूर फार सोडायचे. थोडक्यात, खानदानी गृहस्थ आणि हुक्क्याचा शौक!

१९२६ साली कंपनीने 'व्हिपेट' ही लहान मोटार काढली. तिचे चार सिलिंडरांचे साधे इंजिन पुढच्या सगळ्या कथेचे मूळ आहे. नंतर मंदी आली, १९३३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि १९३५ मध्ये विलीसही गेला. कंपनी कशीबशी तगून होती, ती त्या जुन्या इंजिनाच्या जिवावर.

१९३८ मध्ये डेल्मर रूस नावाचा मुख्य इंजिनियर तिथे आला. सगळे त्याला 'बार्नी' म्हणत. त्याने इंजिन तपासायला घेतले. पुरते पळवले की ते काही मिनिटांतच गळपटे. शक्ती ४८ अश्वशक्तीच्या आसपास. नवे इंजिन काढायला पैसा नव्हता. मग रूसने जुन्याचेच एकेक दुखणे शोधले. पिस्टन ॲल्युमिनियमचे केले, धातू अधिक चिवट निवडले, भागांची मापे काटेकोर केली, फ्लायव्हील हलके केले. चमत्कार असा एकही नाही. नुसत्या बारीकसारीक दुरुस्त्या. पण तेच १३४ घनइंची इंजिन ६० अश्वशक्ती देऊ लागले आणि तासन्‌तास अखंड पळू लागले. त्याला नाव मिळाले 'गो-डेव्हिल'. आपण त्याला 'चल रे भुता' म्हणायला हरकत नाही.

इतक्यात महायुद्ध पेटले. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांना विचारले : हलकी, चारही चाके ओढणारी गाडी कोण करून देतो? प्रतिसाद देणारे दोघेच, बँटम आणि विलीस. बँटम कंपनीने ४९ दिवसांत नमुना उभा केला, ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलीच पाहिजे. जीपचा मूळ घाट तिचा. पण बँटमचे इंजिन होते ४५ अश्वशक्तीच्या घरातले. मागाहून शर्यतीत आलेल्या फोर्डने लावलेले ट्रॅक्टरचे इंजिनही तेवढेच. चिखलात आणि चढावर विलीसच बाजी मारी. अडचण एकच, विलीसची गाडी जड होती. मर्यादा २१६० पौंडांची. रूसने गाडी सुटी करून एकेक भाग तोलला, बोल्ट आखूड केले, रंगाच्या थराचेदेखील वजन धरले, आणि गाडी काठावर बसवली. १९४१ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनच्या संसद-भवनाच्या पायऱ्या ती चढली, आणि 'जीप' हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघर गेले. युद्ध संपेपर्यंत विलीसने आणि त्याच नमुन्यावर फोर्डने मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या.

आता ही टोलेडोची लेक आमच्या माळावर कशी आली? तर युद्धकाळात के. सी. महिंद्र हे हिंदुस्थानच्या खरेदी-मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथे त्यांची आणि बार्नी रूसची गाठ पडली. रणांगणावर चालते ती गाडी आपल्या खेड्यांच्या वाटांवर का चालू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. १९४५ मध्ये सुरू झालेली त्यांची कंपनी तेव्हा 'महिंद्र आणि महंमद' होती. फाळणीनंतर भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये पाटीवर दुसऱ्यांदाही 'महिंद्र'च आले. १९४९ साली सुट्या भागांनी आलेल्या ७५ जीपगाड्यांची पहिली खेप मुंबईत जोडली गेली.

टिपणे इथवर वाचून होतात तोच उदगीर आले. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते हे उदगीर. स्टेशनाबाहेर एस.टी. पकडली. रस्ता आता चांगला आहे. माझ्या लहानपणी मात्र या वाटेवर पावसाळ्यात ओढे येऊन बसत आणि एस.टी. अलीकडेच थांबे. कडेला तुरीची शेते, मध्येच काळा खडक, मध्येच लाल मुरूम. जळकोट १९९९ साली तालुक्याचे गाव झाले, पण वेशीशी उतरल्यावर पहिला प्रश्न अजून तोच : "कोणाच्यात आलाव?"

आजोबा सांगत, जळकोटाने जीप पहिल्यांदा पाहिली ती १९४८ च्या सप्टेंबरातल्या पोलिस कारवाईनंतर. तोवर हा मुलूख निजामाचा. १९५६ पर्यंत जिल्हा बिदर. पुढे १९५२ पासून देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्यांची जीप फिरू लागली. मागोमाग हिवतापाच्या फवारणीची आली, वसुलीची आली, निवडणुकीची आली. आजोबा म्हणत, "जीपची धूळ दिसली की पोरं रानात पळायची अन् बाप्ये घराच्या मागं." जीप म्हणजे साहेब, हे समीकरण होते.

मामांनी १९८६ साली सरकारी लिलावात एक जुनी जीप घेतली आणि हे समीकरण उलटले. थोडी शेती आणि आडत दुकान एवढाच मामांचा पसारा. पण रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणी बाई अडली, की माणसे मामांच्या अंगणात येत. उदगीरच्या दवाखान्यापर्यंत मामा गाडी नेत, तिरूला पाणी असले तरी नेत. धूळ दिसल्यावर लोक जिच्याकडे धावत आले अशी ती गावातली पहिली जीप असावी. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा भाकऱ्यांची पोती आणि घोंगड्या भरून मामा किल्लारीकडे गेले ते तिसऱ्या दिवशी परतले. मी तेव्हा दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहणारा पोरगा. सुट्टीत गेलो तेव्हा ते त्याविषयी एक शब्द बोलले नाहीत.

मामांची जीप 'सीजे-थ्री-बी' जातीची. तिची खूण म्हणजे कपाळ वर काढलेले उंच बॉनेट. ते उगीच नव्हे! जुन्या 'गो-डेव्हिल' इंजिनात हवा घेणारी आणि धूर सोडणारी, दोन्ही झडपा बाजूला असत. नंतरच्या 'हरिकेन' इंजिनात हवा घेणारी झडप डोक्यावर नेली. त्यामुळे इंजिनाचा श्वास मोकळा झाला आणि शक्ती सत्तरीच्या पुढे गेली. पण इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत ही जात १९६८ मध्ये बंद पडली. आपल्याकडे त्यानंतर कितीतरी वर्षे निघत राहिली. तिकडे कंपनीचे मालक बदलत गेले : १९५३ मध्ये कैसर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर. गंमत पुढेच आहे. २०१८ मध्ये महिंद्रांनी त्याच वळणाची 'रॉक्सर' गाडी अमेरिकेत विकायला काढली, तर तिकडच्यांनी "ही आमच्यासारखी दिसते" म्हणून दावा लावला! नातू आजोळी गेला आणि आजोळकडच्यांनी "नाक आमचे का घेतलेस?" म्हणून कोर्टात खेचले, अशातला प्रकार.

असो. पत्र्याच्या शेडमध्ये जीप उभी होती. टपावर कोंबडी. दादाने तिला हाकलले आणि चाचांना बोलावले. चाचा म्हणजे गावचे जुने मिस्त्री. मामांची गाडी पहिल्यापासून त्यांच्या हाताखालची. माझी टिपणे मी सरसावून बसलो होतो. चाचांनी बॉनेट उघडले आणि शांतपणे म्हणाले, "सर, हे इंजिन जीपचं न्हाई. ट्रॅक्टरचं हाय, इंटरनॅशनलचं. मीच बसवलंय."

दादाचा चेहरा उतरला. चार दिवसांचे माझे ग्रंथालय एका वाक्यात निकालात निघाले!

मग मामींनी सांगितले. १९९० मध्ये आखातात संकट आले, पेट्रोल महागले. रात्रीच्या खेपांचे पैसे मामा कुणाकडे मागत नसत. गाडी बंद ठेवायची पाळी आली. "मग माझ्या पाटल्या मोडल्या अन् डिझेलचं इंजिन आणलं," मामी म्हणाल्या. "किल्लारीला गेलं ते हेच."

"मूळचं कुठं गेलं मग?" दादाने विचारले.

चाचा आम्हाला आपल्या दुकानात घेऊन गेले. कोपऱ्यात गोणपाट बाजूला सारले. खाली हरिकेन! "मालक म्हणले होते, टाकू नका, कधी लागंल. दर पावसाळ्याच्या आधी तेल सोडतो अन् फिरवून ठेवतो. जाम होऊ दिलं न्हाई." त्यांनी हाताने ते फिरवून दाखवले. पस्तीस वर्षे एक माणूस दुसऱ्याच्या शब्दाखातर निकामी इंजिनाला तेल पाजत होता, आणि याचे भाडे त्याने कधी मागितले नव्हते. टोलेडोचा रूस आणि जळकोटचे चाचा एकमेकांना भेटले असते, तर दुभाष्या लागला नसता असे मला वाटले.

आता प्रश्न सोपा होता आणि अवघडही. चाचा म्हणाले, आठ दिवसांत मूळचे इंजिन बांधून बसवतो. पुण्याची पूर्ण किंमत मिळेल. पण मग मामींच्या पाटल्यांचे, किल्लारीला गेलेले इंजिन भंगारात? दादा काही बोलेना. मुलीच्या फीची तारीख जवळ आलेली. मीही गप्प. 'मूळचे' या शब्दाचा अर्थ मी वर्गात अनेकदा समजावून दिला आहे; इथे तो मला सांगता आला नसता.

मामीच बोलल्या. "पुण्याच्या माणसाला त्येचं इंजिन द्या. आमचं आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. ट्रॅक्टरचंच हाय ना ते? मळणी यंत्राला जोडा. सोयाबीन तरी निघंल." चाचांनी मान हलवली. "जोडतो की."

ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन खोलण्याआधी चाचा म्हणाले, "एक चक्कर टाकू." ते चालवायला बसले, दादा आणि मी मागे. मामी नेहमीप्रमाणे मागच्या बाजूला चढू लागल्या. चाचांनी शेजारच्या जागेवरची धूळ फडक्याने झटकली आणि म्हणाले, "भाभी, म्होरं बसा."

मामी थबकल्या. "म्होरं कवा बसलेच न्हाई," त्या म्हणाल्या. "तिथं कायम कुणीतरी पेशंट असायचा."

मग पदर सावरून त्या पुढे बसल्या. इंजिनाने दोनदा खोकून सूर धरला, आणि आम्ही तिरूच्या वाटेला लागलो.