कडोलीची न्हाणी आणि मामीची मिश्री

बेळगावहून कडोली फार लांब नाही. बसमध्ये शेजारच्या माणसाशी पावसापाण्याच्या चार गोष्टी होतात न होतात, तोवर गाव येते. मार्कंडेय नदीच्या काठाकाठाने भात, बटाटा, रताळी आणि भाजीपाल्याची शेते आहेत. बाहेरच्यांना हे गाव ठाऊक असते ते इथल्या मराठी साहित्य संमेलनामुळे. मला मात्र कडोली म्हणजे आजोळ, आणि आजोळ म्हटले की नाकात प्रथम शिरतो तो तव्यावर भाजणाऱ्या तंबाखूचा वास.

मे महिन्याच्या सुटीत पहाटे न्हाणीपाशी सगळे घर दात घासायला जमायचे. आजोबांच्या हातात बाभळीची काडी. मामा माकड छाप काळी पावडर तळहातावर घेऊन बोटाने घासायचा. गोकाककडून सून म्हणून आलेली धाकटी मामी परसातल्या लिंबाची डहाळी मोडून आणायची आणि तिला ‘बेविन कड्डी’ म्हणायची. आम्हा पोरांच्या वाट्याला चुलीतली राखुंडी आणि चिमूटभर मीठ. शहरातून आलेल्या एखाद्या पाहुण्याने पेस्टची ट्यूब काढली की आम्ही त्याच्या तोंडातला फेस बघत उभे राहायचो. आणि थोरली मामी? तिची मिश्री. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईतो भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची. काही घरी तिला मशेरी म्हणतात. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, शेतात भांगलण करताना एकदा. बोटावर घ्यायची, हिरड्यांवर चोळायची आणि तशीच धरून बसायची.

‘‘मिश्री लावल्याबिगर डोळं उघडत न्हाईत गा,’’ असे ती म्हणायची. ते खोटे नव्हते. हिरडीतून तंबाखूतले निकोटिन थेट रक्तात जाते. झोप उडते, भूक मरते. दिवस उगवायच्या आत शेण, पाणी, भाकरी उरकून शेतावर जाणाऱ्या बाईला या दोन्हींची गरज होती. ती दात घासत होती असे आपण म्हणायचो. खरे तर ती दिवस ढकलायचे औषध घेत होती.

दातांबद्दल आपल्या दोन्ही भाषांनी एकच शहाणपण सांगितले आहे. मराठीत दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. कन्नडमध्येही तेच, ‘कडले इद्दाग हल्लिल्ल, हल्लिद्दाग कडले इल्ल.’ दोन्हीकडे दात जाणारच हे गृहीत धरलेले. दात राखता येतात असे सांगणारी म्हण मला तरी कुठे भेटली नाही.

मागच्या वर्षी मी कडोलीला गेलो तेव्हा मामी भाकरी दुधात कुस्करून खात होती. वय सत्तरीच्या पुढे. ‘‘वयानं व्हतंय,’’ ती म्हणाली. मी डाव्या गालाला हात लावला तशी ती मागे सरली. दुखत नव्हते, पण तिखट लागले की आग व्हायची. डॉक्टरकडे चल म्हटल्यावर कारणांची रांगच लागली. वरचा दात काढला की डोळा जातो. दात साफ केले की हलायला लागतात. शेजारच्या म्हातारीची कवळी बसलीच नाही. रिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दाताची कीड आपोआप पडते, मग डॉक्टर कशाला?

या समजुतींना हसण्यात अर्थ नाही, त्या फार जुन्या आहेत. दात किडा पोखरतो असे युरोपातही शतकानुशतके मानत. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये आपल्या ग्रंथात ती कल्पना नाकारली. विलोबी मिलर या संशोधकाने १८९० मध्ये दाखवून दिले, की तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. कीड म्हणजे वळवळणारा किडा नव्हे. वरचा दात काढल्याने डोळाही जात नाही, त्या दोघांच्या नसा वेगळ्या. दात साफ केल्यावर हलतात असे वाटते, कारण त्यांना धरून बसलेला किटणाचा थर निघालेला असतो. हिरडी आधीच खिळखिळी झालेली असते, किटणामुळे ते कळलेले नसते.

हे सगळे मी मामीला वर्गात शिकवावे तसे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मास्तर, तुझ्या गालात काय हाय? मघाधरनं एकाच बाजूनं चावतोस.’’

मी गप्प झालो. माझी दाढ सहा महिने ठणकत होती आणि मी लवंग धरून दिवस काढत होतो. एम.ए. झालेला, मुलांपुढे तासभर बोलणारा माणूस मशीनच्या आवाजाला घाबरत होता. लहानपणी एकदा दात उपटताना धरलेले हात अजून आठवत होते. मामीने निकाल दिला, ‘‘तू आधी खुर्चीत बस. मग मी बसते.’’

बेळगावात दातांची कॉलेजे आहेत. तिथे शिकणारी मुले वरिष्ठांच्या देखरेखीखाली तपासतात, खर्चही खासगीपेक्षा कमी येतो. अशाच एका कॉलेजात आम्ही दोघे गेलो. आधी मी बसलो. सुई टोचली ती मुंगी चावावी तशी, नंतर अर्धे तोंड माझे नव्हतेच. दाढ वाचली नाही. आधी आला असता तर वाचली असती, असे डॉक्टर शांतपणे म्हणाले. सहा महिन्यांच्या भीतीची किंमत एक दाढ.

मामीला तपासायला बागलकोटकडची एक तरुण विद्यार्थिनी आली. तिला मराठी येत नव्हते, मामी कन्नड ऐकून ऐकून शिकलेली. ‘‘अंजब्याड्री अज्जी, बायि तेगीरि,’’ ती म्हणाली. घाबरू नका आजी, तोंड उघडा. मामीने पदर काढला आणि पहिल्यांदाच कुणा परक्यासमोर तोंड उघडले. तोवर मला कळले नव्हते, की ती दुखण्याला घाबरत नव्हती. काळे पडलेले दात कुणाला दिसतील याची तिला लाज वाटत होती. ‘‘नोव इल्ल री,’’ ती हळूच म्हणाली. दुखत नाही. मुलीचा चेहरा मात्र बदलला. तिने मोठ्या डॉक्टरांना बोलावले. मिश्री धरायच्या जागी गालाच्या आत पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा. तुकडा काढून तपासायला पाठवला.

निकाल यायला आठ दिवस लागले. त्या दिवसांत मला निपाणी सारखी आठवली. तंबाखूवर जगणारा तो सगळा मुलूख. भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये तिथे शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, शरद जोशींच्या नेतृत्वाखालचे ते आंदोलन ६ एप्रिलच्या गोळीबाराने संपले, शेतकरी मेले. विड्या वळून कितीतरी बायांनी तिथे मुले वाढवली, शिकवली. ज्या पिकाने घर उभे केले त्याला वाईट कसे म्हणायचे, हा पेच आपल्या भागातल्या माणसाला चांगलाच ठाऊक आहे. केंद्र सरकारने दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर १९९२ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटखा बंद केला. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला कुठला कायदा अडवणार? ती दुकानातून येत नाही, सासूकडून सुनेकडे येते.

अहवाल आला. कर्करोग नव्हता. पण पेशींमध्ये बदल सुरू झाले होते. मिश्री आजपासून बंद आणि दर तीन महिन्यांनी तपासणी, असे डॉक्टरांनी सांगितले. हे चट्टे दुखत नाहीत म्हणूनच माणूस थांबतो, आणि दुखायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो, हेही त्यांनीच समजावले.

मामीची मिश्री एका दिवसात सुटली नाही. डोके दुखायचे, चिडचिड व्हायची, पोट साफ होईना. दुसऱ्या आठवड्यात तिने एकदा चोरून लावली आणि फोन करून स्वतःच सांगितले. मग बडीशेप तोंडात धरू लागली. नातसुनेने मऊ ब्रश आणून दिला. राख, कोळसा, विटेची पूड दाताचे कवच झिजवते, म्हणून साधी फ्लोराइडची पेस्ट, सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचे घासणे तिला अजून पटत नाही. ‘‘झोपताना दात कुणाला दाखवायचे?’’ असे विचारते, पण घासते.

वाचकहो, आपापल्या घरातल्या आई, आजी, अव्वा यांच्यासाठी एवढे करा. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून गाल, जीभ, हिरड्या बघायला सांगा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंड पूर्ण न उघडणे, यातले काहीही दिसले तर थांबू नका. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे. आणि त्यांना ओरडू नका. त्यांनी ही सवय मजेखातर लावून घेतलेली नाही.

तिसऱ्या तपासणीला मी कडोलीच्या स्टँडवर मामीला घ्यायला गेलो, तर तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी दोघी पदर तोंडावर धरून उभ्या होत्या. ‘‘ह्यांना बी दाखवायचं हाय,’’ मामी म्हणाली. बस येईपर्यंत ती त्या दोघींना एक कन्नड शब्द शिकवत होती. अंजब्याड्री.