काकांना सोनोमा दाखवायचा आहे

वाइन चाखायच्या सहलीची आखणी एका माळकरी माणसासाठी करायची, म्हणजे नकाशा मुळातूनच वेगळा काढावा लागतो. प्रवासाच्या पुस्तकांत आधी टेस्टिंग रूम येतात, मग जेवणाच्या जागा, मग मुक्काम. माझ्या वहीत आधी बागा आल्या, मग माती, मग धुकं. टेस्टिंग रूम अगदी शेवटी. येत्या सप्टेंबरात मी काकांना कॅलिफोर्नियातल्या सोनोमा किनाऱ्यावर घेऊन चालले आहे. काका वाइनचा थेंबही तोंडात घेणार नाहीत. पण मी वाइन करायला शिकले ती त्यांच्या पैशावर, आणि त्या किनाऱ्यावरच्या एका माणसाला भेटायचं त्यांनी २०१९ पासून मनात धरलं आहे.

काका नात्यानं आमचे कोणी नाहीत. दिंडोरी तालुक्यात त्यांची बाग आणि आमची बाग यांच्यामध्ये एक बांध, एवढंच. त्यांची बाग थॉमसनची, खायच्या द्राक्षाची. आमच्या दादांनी मात्र थॉमसन काढून शिराझ लावला होता. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आलं, वायनऱ्या उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांशी करार होऊ लागले. विरळणी नाही, घड औषधात बुडवायचं डिपिंग नाही, मजुरी कमी, भाव आधीच ठरलेला. हिशेब खरोखरच चांगला होता. मग २००८ साली जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप बसला. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. पुढच्या खुड्याला आमचा माल उचलायला कोणी आलं नाही. शिराझचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. तो ना बाजारात खपतो, ना बेदाण्याला चालतो. दादांनी झाडं उपटली. त्या काळात तालुक्यात अशा कितीतरी बागांवरून ट्रॅक्टर फिरले.

त्याच उन्हाळ्यात मला पुण्यात वाइन तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. ज्या द्राक्षानं घर कर्जात घातलं त्याचंच शिक्षण घ्यायला पोरीला पाठवायचं, हे घरात कोणी बोलून दाखवायला तयार नव्हतं. काका संध्याकाळी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, ‘‘फी किती आहे ते सांग.’’ दादा नको म्हणाले, तेव्हा काकांनी त्यांना समजावलं ते शब्द माझ्या कानांत आहेत : ‘‘माल उचलणारे फिरकले नाहीत, खरं आहे. पण आत काय चालतं हे आपल्यातल्या एकाला तरी ठाऊक होतं का? आपलं एखादं माणूस त्या भिंतीच्या आत पाहिजे.’’ गावात कोणी तरी त्यांना म्हटलंच, माळकऱ्याचा पैसा दारूच्या शिक्षणाला? काका म्हणाले, ‘‘माझा पैसा पोरीच्या शिक्षणाला आहे.’’ त्यापुढे त्या विषयावर ते कोणाशी बोलले नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरात फयान वादळ आलं. ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळे घड बाहेर पडलेले, आणि वरून पाऊस. डाऊनी या बुरशीरोगानं काकांच्या बागेतले घड डोळ्यांदेखत काळे पडले. तरीही माझ्या दुसऱ्या वर्षाची फी वेळेवर भरली गेली. ती त्यांनी कुठून उभी केली हे मला आजतागायत कळलेलं नाही. काकूंना विचारलं की त्या चहा टाकायला उठतात.

शिकून मी दिंडोरीकडच्याच एका वायनरीच्या प्रयोगशाळेत लागले आणि २०१९ च्या हंगामात काम शिकायला सोनोमाला गेले. नाशिकच्या वाइनवाल्यांना हे नाव परकं नाही. राजीव सामंत यांनी नाशिकची सुला वायनरी उभी करताना केरी डॅमस्की यांना सोबत घेतलं, ते सोनोमाचेच वाइनमेकर. पण मी गेले तो भाग सोनोमाच्या उबदार दऱ्यांचा नव्हे. पश्चिमेकडच्या गार, समुद्राला टेकलेल्या टेकड्यांचा.

तिथला समुद्र भर उन्हाळ्यातही बोटं बधिर करतो. वायव्येचे वारे किनाऱ्याजवळचं वरचं पाणी लोटून नेतात, तळातलं गारठलेलं पाणी वर येतं, आणि त्यावरून येणारी दमट हवा निवून तिचं धुकं होतं. आतला मुलूख दुपारी तापला की गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी हे धुकं खेचलं जातं. रशियन नदीच्या खोऱ्यातून आणि पेटालुमाजवळच्या बुटक्या टेकड्यांमधल्या फटीतून ते रात्री आत शिरतं, सकाळी उशिरा विरतं. पिनो न्वारचं द्राक्ष इथं रमतं ते यामुळेच. पातळ सालीचं, लवकर पिकणारं ते द्राक्ष उष्ण हवेत गोडीला झटकन येतं, पण आंबटपणा गमावून बसतं. धुक्यात ते हळूहळू पिकतं. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चचं ऊन चढलं की आंबटपणा किती झपाट्यानं उतरतो, हे मी प्रयोगशाळेत रोज मोजलेलं होतं. त्यामुळे त्या गार हवेचं मोल मला तिथं पाऊल ठेवताच समजलं.

बाकी सगळं तिथल्या बागेच्या मुकादमांनी शिकवलं. मेक्सिकोतल्या मिचोआकानहून ते तरुणपणी आले, आणि त्यांचं आयुष्य याच टेकड्यांवर गेलं. त्यांची इंग्रजी मोडकी, माझी स्पॅनिश शून्य. ते मणी तोंडात टाकत, साल चावत, बी तळहातावर घेऊन मला दाखवत. बी हिरवं असेल तर मान हलवत, तपकिरी असेल तर दाताखाली फोडून बघायला लावत. साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर त्यानंतर खिशातून बाहेर यायचा. काका नेमकं हेच करतात. पहाटे दोनला डोक्याला दिवे बांधून पिनोचा खुडा चालायचा, कारण फळ गार असतानाच वायनरीत पोचायला हवं. त्या थंडीत माझ्याकडे धड जॅकेट नव्हतं. मुकादमांनी स्वतःचं काढून दिलं आणि परत घेतलं नाही. बाटलीवर वाइनमेकरचं नाव असतं, बागेचं असतं, टेकडीचंही असतं. ज्यांच्या हातांनी ते फळ उतरतं त्यांचं कुठेच नसतं. आमच्याकडे सुरगाणा-पेठकडून विरळणीला आणि खुड्याला येणाऱ्या बायाबापड्यांचीही हीच गत आहे, आणि मला ती खुपते.

२३ ऑक्टोबर २०१९ ला सोनोमाच्या ईशान्य भागात किनकेडची आग लागली. समुद्राची हवा बंद झाली, धुकं नाहीसं झालं, आणि डोंगरांवरून उलटे, कोरडे, सोसाट्याचे वारे सुटले. शनिवारी किनाऱ्यावरचं बोडेगा बे रिकामं करायला सांगितलं, रविवारी पहाटे सेबास्टोपोल. तिथंच मी एका खोलीत राहत होते. गाडी नाही, नातलग नाहीत. कुठं जायचं याचा विचार करते आहे तोवर दारात मुकादमांचा पिकअप उभा. आत त्यांची बायको, दोन नातवंडं, एक कुत्रा. मला त्यांनी काही विचारलं नाही, बॅग उचलली आणि मागे टाकली. दक्षिणेला वॉटसनव्हिलजवळ त्यांच्या भावाचं घर होतं. जवळजवळ दोन लाख माणसं त्या दिवसांत घरं सोडून निघाली होती, रस्ता मुंगीच्या गतीनं सरकत होता. वाटेत त्यांनी मला खुणेनं विचारलं, घरी फोन केलास का?

तो दिवस दिवाळीचा होता. आमच्या घरी लक्ष्मीपूजनाची तयारी चाललेली, काका तिथंच आलेले. आईच्या तोंडून शब्द फुटेना म्हणून फोन त्यांनी घेतला. मी सांगितलं, कोण मला कुठं घेऊन चाललं आहे. काका म्हणाले, ‘‘दे त्यांच्याकडे.’’ मुकादम स्पॅनिशमध्ये बोलले, काका मराठीत. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळलं नसणार, पण दोघं बराच वेळ बोलत होते. शेवटी फोन माझ्याकडे आला तेव्हा काका एवढंच म्हणाले, ‘‘या माणसाला एकदा भेटलं पाहिजे.’’ मुकादमांच्या घरच्यांनी मला आग आटोक्यात येईपर्यंत ठेवून घेतलं, आणि खर्चाचा एक डॉलर माझ्याकडून घेतला नाही.

म्हणून ही सहल.

वेळ ठरवणं सगळ्यात अवघड होतं. द्राक्ष बागायतदाराला वर्षात मोकळा काळ फारच थोडा. एप्रिलची खरड छाटणी आटोपली की शेंडा खुडून सबकेन काढायची, मग काडी पक्व होईपर्यंत पावसाळाभर फवारण्या; सप्टेंबर सरता सरता गोडी, म्हणजे ऑक्टोबर छाटणीची घाई; पुढे मार्चपर्यंत मान वर करता येत नाही. मधली फट सापडते ती सप्टेंबरच्या सुरुवातीला, आणि तीही गणपती बसायच्या आत परत यायचं या अटीवर. नशिबानं त्याच दिवसांत किनाऱ्यावर पिनोचा खुडा सुरू होतो. जानेवारीत गेलो असतो तर काकांना तिथला झोपलेला वेल दाखवता आला असता. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटतो. तिकडे थंडीत पानं गळतात आणि एकच छाटणी पुरते. पण जानेवारीत काकांचीच बाग भरात असते.

मार्ग मी तीन टप्प्यांत लावला आहे. आधी पेटालुमा गॅप. या भागाला २०१७ मध्ये वाइनचा स्वतंत्र प्रदेश म्हणून वेगळी ओळख मिळाली ती वाऱ्याच्या जोरावर. दुपारचा वारा मण्याची साल जाड करतो आणि घड कोरडा ठेवतो. मग सेबास्टोपोलच्या आसपासची गोल्डरिज माती, भुसभुशीत, वाळूमिश्रित, पाणी झटकन निचरणारी. काका ती मुठीत घेऊन बघतील हे मी आत्ताच सांगू शकते. त्यानंतर बोडेगा बेवरून समुद्राच्या कडेनं जेन्नरपर्यंत, जिथं रशियन नदी समुद्राला मिळते, आणि तिथून वळणावळणांनी वर फोर्ट रॉस-सीव्ह्यूला. १८१२ मध्ये रशियनांनी वसवलेला लाकडी किल्ला खाली किनाऱ्यावर आहे. बागा वर, साधारण नऊशे फुटांच्याही वर. धुकं खाली राहतं आणि बागेवर ऊन पडतं. पावसाळ्यात सप्तशृंगीच्या गडावरून खाली बघावं, तसं ते दिसतं. हर्श यांची बाग याच भागात, १९८० मध्ये लावलेली, सॅन अँड्रियास भ्रंशाच्या शेजारी. जमीन इतकी उलथीपालथी झालेली की शेजारशेजारच्या ओळींतही माती बदलते. ही एकच बाग बघायला मिळाली तरी सहल सार्थकी लागेल, असं माझं मत आहे.

वाइन चाखायला मी आहे, माझा नवरा आहे. दिवसाला दोनच ठिकाणं, आधी वेळ घेऊन, आणि चाखून थुंकायचं. तिसऱ्या ठिकाणी जीभ मेलेली असते. गाडी फ्रीमॉन्टचा माझा मावसभाऊ चालवेल, तो चाखणार नाही. बाटली घेणाऱ्यांना एक सांगते : ‘सोनोमा कोस्ट’ या शिक्क्यावर विसंबू नका. १९८७ मध्ये आखलेली ती हद्द फारच ऐसपैस, समुद्रापासून दूरच्या बागाही तिच्यात बसल्या. म्हणून २०२२ मध्ये खऱ्या किनाऱ्यासाठी ‘वेस्ट सोनोमा कोस्ट’ ही वेगळी हद्द झाली. तीच बघून घ्या.

काकांचे प्रश्न त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिले आहेत. खुंट कोणता? एका वेलावर घड किती ठेवता? धुक्यात भुरी आवरते कशी? मजूर टिकतो का, त्याची पोरं शिकतात का? एकरी दोन-तीन टनच माल येतो हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मला परत विचारून खात्री करून घेतली. त्यांच्या थॉमसनला दहा टन येतो. उन्हाळाभर तिथं पाऊस नाही, त्यामुळे डाऊनीचं भय जवळजवळ नाही, हे ऐकून मात्र ते बराच वेळ गप्प होते.

गेल्या आठवड्यात काका-काकूंचा व्हिसा आला. मुकादमांनी मुलीकडून कळवलं आहे की ते त्या दिवसांत रात्रीच्या खुड्यावर असतील, काकांनी पहाटे दोनला बागेत यावं, जॅकेट तयार आहे. काकूंनी मेथीचे लाडू करायला घेतले आहेत, मुकादमांच्या घरासाठी. तुमच्यापैकी कोणी या किनाऱ्यावर जाणार असेल, तर वाइन चाखायच्या आधी सकाळी बागेत जाऊन या, आणि तिथं काम करणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा.