कुचालक रिकामा नसतो

आम्ही इंदूरचे, हिंदी माध्यमात शिकलेले. काच, अभ्रक ‘कुचालक’, एवढे पाठ असले की गुण मिळत. पण कुचालकातही इलेक्ट्रॉन असतातच. भरलेल्या आणि रिकाम्या पातळ्यांमध्ये मोठी दरी असल्याने ते वाहत नाहीत. क्ष-किरणांनी त्यांना बाहेर काढून त्यांची ऊर्जा मोजली, की आतली रचना कळते. या पद्धतीसाठी काई सीगबान यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले. आपल्या गावच्या इंडस-२ वरही असे प्रयोग होतात.

अडचण अशी, की निघून गेलेल्या इलेक्ट्रॉनांची भरपाई कुचालकात होत नाही. पृष्ठभाग धनभारित होतो आणि मोजमाप चुकते. म्हणून त्यावर मंद इलेक्ट्रॉन सोडून तूट भरून काढतात.

वर्गातल्या अबोल मुलांकडे आम्ही शिक्षकांनी असेच पाहावे. ती रिकामी नसतात. नुसती उत्तरे मागू नयेत. आपणही काही द्यावे.