वाट लांबची आहे

आई गेल्यापासून घर मोठं वाटतं. थकवा झोपूनही जात नाही, प्रार्थनेला बसते पण शब्द सुचत नाहीत. मग मी बायबलमधल्या ‘1 राजे’ या पुस्तकाचा 19वा अध्याय काढते. कर्मेल डोंगरावर एवढा पराक्रम गाजवलेला संदेष्टा एलीया राणी ईजबेलच्या धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव त्याला रागावत नाही. उपदेशही करत नाही, आणि आपण माणसं मात्र किती लगेच करतो! देव त्याला झोपू देतो. मग देवदूत हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो, पितो, पुन्हा आडवा होतो. दूत दुसऱ्यांदा येतो तो एवढंच सांगायला, की वाट लांबची आहे, खाऊन घे. ‘मी एकटाच उरलोय’ म्हणणाऱ्या त्याला पुढे होरेब डोंगरावर कळतं, इस्राएलात अजून सात हजार आहेत.

अशा वेळी पंडिता रमाबाईंचीही आठवण येते. तरुणपणीच आईवडील, बहीण, भाऊ, नवरा गेले. 1921 मध्ये लेक मनोरमाही. तरी केडगावला बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. त्यांच्या दुःखापुढे माझं लहानच. पण लाजराच्या थडग्यापाशी रडलेला प्रभू दुःखाचं माप काढत बसत नाही, यावर माझा विश्वास आहे.

उद्या उपासनेनंतर पलीकडच्या आळीतल्या मावशींकडे जाईन. त्याही एकट्याच असतात. दोघी मिळून जेवू.