तिसऱ्या घंटेनंतर

रात्री साडेअकराला लोकलमधून दिवा स्टेशनवर उतरले. गर्दीत दाराशी उभं राहून मनातल्या मनात भूप आळवत आले. मालिकेतली भूमिका संपून आठ महिने झाले. घरभाडं थांबत नाही, आईची काळजीही. आता लग्नात, गणपतीत, मिळेल तिथे गाते.

अशा रात्री गायक-अभिनेते प्रशांत दामले आठवतात. बेस्टमध्ये नोकरी करता करता ते रंगभूमीवर आले. ‘एका लग्नाची गोष्ट’ या नाटकातल्या गाण्यानं त्यांच्यातला गायक घराघरांत पोचला. ‘आम्ही सारे खवय्ये’ या टीव्हीवरच्या कार्यक्रमामुळे ते रोजच्या ओळखीचे झाले. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी षण्मुखानंद सभागृहात त्यांचा १२,५०० वा नाट्यप्रयोग झाला. मला त्या आकड्यामागचं सातत्य दिसतं. दौऱ्यात अर्धवट राहिलेली झोप, जपावा लागणारा गळा आणि मन कसंही असो, तिसऱ्या घंटेनंतर प्रेक्षकांपुढे नव्यानं उभं राहणं.

घरी रियाजाला बसल्यावर रुळांवरून गाडी धडधडत गेली की माझ्या खोलीच्या खिडक्या हादरतात. तंबोऱ्याचा सूर क्षणभर हरवतो. डोळे मिटून तो पुन्हा शोधते. मालिकेतला चेहरा लोक विसरतील. लागलेला षड्ज मात्र माझा राहील. उद्या पहाटे, कामाला निघण्याआधी, पुन्हा तिथूनच सुरुवात.