दोन नारायण आणि काही दगडू

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी शके 1530 मध्ये, म्हणजे इसवी सन 1608 च्या रामनवमीला, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी जन्मलेल्या धाकट्या मुलाचे नाव तिथीला शोभणारे राम असे न ठेवता नारायण असे ठेवले गेले, ही गोष्ट नामविचाराच्या दृष्टीने थांबून पाहण्यासारखी आहे. परंपरा सांगते, की हे घराणे सूर्योपासक होते आणि मुले सूर्यनारायणाच्या प्रसादाने झाली अशी त्या माउलीची, राणूबाईंची, श्रद्धा होती. त्यामुळे तिथीपेक्षा कुळाचा नवस वरचढ ठरला. मुलगा मोठा झाला, घर सोडून गेला, आणि आईवडिलांनी बाजूला ठेवलेले तिथीचे नाव त्याने स्वतःहून उचलले, तेही रामाचे नाव म्हणून नव्हे, तर रामाचा दास, म्हणजे रामदास, म्हणून.

या 'दास' शब्दाला मागचा एक हिशेब आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांची वर्णनिहाय वाटणी केली आहे: ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस वाटेल असे, शिवाय शूद्राच्या नावाला सेवा दर्शवणारे उपपद जोडावे, असेही तिथे सांगितले आहे. भक्तिपरंपरेने हेच सेवेचे पद सर्व वर्णांसाठी खुले केले आणि ब्राह्मण घरात जन्मलेल्या नारायणाने ते मिरवले. दास्याचा हा साचा केवळ भारतीय नाही, कारण अरबीतील अब्दुल्ला, म्हणजे अल्लाहचा बंदा, आणि हिब्रूतील ओबद्या, म्हणजे यहोवाचा सेवक, ही नावे त्याच घडणीची आहेत. देवदत्त, ग्रीकांचा थिओडोरोस आणि दख्खनमध्ये सहज ऐकू येणारा खुदाबख्श हे तिघेही 'देवाने दिलेला' एवढेच सांगतात. देणाऱ्याचा धर्म कधीकधी नाव ठेवणाऱ्याच्या धर्माहून वेगळाही असे: वेरूळच्या मालोजी भोसल्यांनी शाह शरीफ या पिराच्या कृपेने झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवल्याचे 'शिवभारता'त आले आहे, आणि त्याच शहाजीला जालन्यापासून जवळच्या सिंदखेडच्या जाधवांची मुलगी दिली गेली.

देवाचे नाव मुलाला देण्यामागे आणखी एक व्यवहारी हेतू होता, जो भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाच्या कथेत उघड होतो. हा पतित माणूस मरताना आपल्या धाकट्या लेकाला 'नारायण' अशी हाक मारतो आणि देवाचे नाव तोंडी आले एवढ्यावर विष्णुदूत त्याला सोडवतात. दिवसातून शंभरदा मारलेली हाक आपोआप जपाच्या खात्यात जमा व्हावी, ही योजना किती घरांत यशस्वी झाली असेल हा प्रश्नच आहे, कारण अंगणातल्या नारायणाचा दुपारपर्यंत नाऱ्या होतो.

जालना जिल्ह्याशीच जोडलेला दुसरा नारायण एकोणिसाव्या शतकातला आहे. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. 1843 मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढे स्कॉटिश मिशनचे काम करत निजामाच्या राज्यात जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली. बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी नारायण हे विष्णूचे नाव सोडले नाही, आणि गाव वसवताना मात्र हिब्रू नाव घेतले. बेथेल म्हणजे देवाचे घर. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात याच ठिकाणी देव याकोबाला सांगतो, की यापुढे तुझे नाव याकोब नव्हे, तर इस्राएल असेल. स्वतःचे नाव न बदललेल्या माणसाने आपल्या वसाहतीला नामांतराच्या स्थळाचे नाव द्यावे, यातला विरोध त्यांना जाणवला असेल किंवा नसेल; पण धर्म बदलला म्हणून माणूस परका होत नाही, हे त्या जुन्या नावाने प्रवचनावाचूनही कळत असले पाहिजे.

ज्या घरांत मुले जगत नसत तिथे देवाला आळवण्याऐवजी मृत्यूला चकवण्याची रीत होती. दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिका ही मराठवाड्याच्या जुन्या पिढ्यांत सर्रास आढळणारी नावे वरवर पाहता मनूच्या जुगुप्सित नावांसारखीच दिसतात, परंतु दोहोंत अंतर आहे: मनूचे नाव वरून लादलेले, तर दगडू हे नाव आईने ठेवलेले, यमाने या पोराकडे ढुंकूनही पाहू नये म्हणून. तुर्की भाषेतील दुर्सुन, म्हणजे 'राहू दे', आणि नायजेरियातील योरुबा लोकांचे मालोमो, म्हणजे 'पुन्हा जाऊ नकोस', ही नावे याच भीतीतून आली आहेत. मात्र गावगाड्यात हे दोन प्रकार वेगळे राहिले नाहीत. खालच्या मानलेल्या जातींच्या वाट्याला अशी नावे अधिक आली आणि आईची युक्ती कुठे संपते व गावाचा तिरस्कार कुठे सुरू होतो हे सांगणे अवघड झाले. नकुसा या मुलीच्या नावाबाबत तर ही अडचणही नाही. तिथे मृत्यूला फसवायचे नसून पुढच्या खेपेला मुलगी नको हे बजावायचे असते, आणि अशा अडीचशेहून अधिक मुलींना 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यातील बौद्ध घरांत जे घडले ते याहून खोलवरचे होते, कारण तिथे एका संपूर्ण समाजाने आपल्या मुलांसाठी नवा नामकोश उघडला. कचरूच्या नातवाचे नाव सिद्धार्थ, राहुल किंवा मिलिंद झाले आणि नातीचे संघमित्रा किंवा यशोधरा. यांतील मिलिंद हा मुळात मेनान्डर, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत सुरू केलेले महाविद्यालय पुढे मिलिंद याच नावाने ओळखले गेले, आणि जालना जिल्ह्यातील परतूर-मंठ्याच्या वाड्यावस्त्यांत ग्रीक राजाचे नाव घरोघरी पोहोचले. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्या यवनांनी सिंहध्वज, धर्म अशी इथली नावे घेतली होती. त्या उसनवारीची ही फेड दोन हजार वर्षांनी झाली, असे म्हणायला हरकत नाही.

स्त्रियांच्या नावांचा इतिहास मात्र असा पुढे सरकत गेलेला नाही. जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, आणि तिथल्या दात्यांचे उल्लेख दूरच्या सांचीच्या स्तूपावर कोरलेले आहेत, जिथे स्त्रियांची व भिक्खुणींची दाने त्यांच्या स्वतःच्या नावाने नोंदवलेली दिसतात. पैठणचे सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणून ओळखले जात. ही बिरुदे मातेच्या गोत्रावरून घडलेली असली, तरी गौतमी बलश्रीचे स्वतःचे नाव नाशिकच्या लेण्यात वाचता येते. पुढे मुलाच्या नावामागे केवळ बापाचे नाव लागू लागले आणि लग्नाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून नवरीचे माहेरचे नाव मिटवण्याची प्रथा अनेक जातींत रुळली. गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या गावांत कितीतरी गोदावरींच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरेच, अशी स्थिती त्यातून आली.

महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये निर्णय घेतला, की 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. विवाहित स्त्रीसाठी मात्र त्याच निर्णयाने चालू पद्धत कायम ठेवली: तिचे लग्नानंतरचे नाव, त्यामागे पतीचे नाव आणि आडनाव. त्यामुळे अंबडला किंवा जाफराबादला आज जन्मलेल्या लेकीचा शासकीय कागद काढला, तर तिच्या नावापुढे आईचे नाव येते, आणि त्या आईच्या स्वतःच्या कागदावर तिच्या आईला जागा नसते.